एकाच शालीचं अर्थशास्त्र

मनिषाला उमरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवून नऊ वर्षं झाली होती. यंदा कुठं कायमची एक जागा निघाली. प्राचार्यांनी हळूच कानात सांगितलं, विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत बोला, संस्थाध्यक्ष भुजंगराव समोर बसणार हायत, त्यांना पटलं की जागा तुमचीच. विषय होता 'मूल्य कोण घडवतं?' बाईनं पंधरा दिवस खपून चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं.

पण आपल्याकडं व्याख्यानाआधी सत्कार असतात, आणि सत्कारांना आवर घालणारा मायचा लाल अजून जन्मायचाय. सरपंच झाले, सभापती झाले, सभापतींचे साडू झाले. शाल मात्र एकच. खांद्यावर पडायची, फोटो निघायचा, की शिपाई व्यंकटीमामा खुर्च्यांमागून वाकत यायचे, शाल अलगद ओढून घ्यायचे आणि घडी घालून परत तबकात ठेवायचे. कॉलेजची ही रीतच होती. साडूंनी जरा धरून ठेवली, तर मामांनी सरळ हिसकली.

मार्चचं ऊन, वर पत्रे. अकरावा सत्कार उरकला तेव्हा गाडीची वेळ झाली म्हणून पोरं उठून चालली होती. सूत्रसंचालकानं मनिषाकडं चिठ्ठी सरकवली, की पाच मिनिटांत आटपा, शेवटी भुजंगराव साहेबांचा वाढदिवसाचा सत्कार राहिलाय.

मनिषाचं टाळकंच सरकलं. नऊ वर्षं जिनं कुणापुढं ब्र काढला नव्हता, तिनं कागद पर्समध्ये कोंबले, तबकातली शाल उचलली आणि माईक ओढला.

"ही शाल आत्ता अकरा खांदे फिरून आली," ती म्हणाली. "ऊब एकालाही मिळाली नाही. अकरा वेळा घडी घातली एकाच माणसानं, आणि त्याच्या खांद्यावर ती एकदाही पडली नाही. मूल्य कोण घडवतं, ते बघून घ्या. झालं माझं भाषण."

आणि शाल तिनं व्यंकटीमामांच्या खांद्यावर टाकली. उठलेली पोरं परत बसली आणि बाकं बडवायला लागली.

भुजंगरावांना वाटलं, गंमत झाली, संपली. ते पुढं येऊन मान वाकवून उभे राहिले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. तबक रिकामं. प्राचार्य मामांना डोळ्यांनी खुणावून राहिले, आण की रे लवकर. मनिषानं ओळखलं. मामा आता शाल काढून देणार, म्हणजे जागा गेली ती गेलीच, वर भाषणही पाण्यात.

व्यंकटीमामांनी सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणाला नकार दिला नव्हता. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी शालीची दोन्ही टोकं छातीशी आवळली.

"न्हाई देत साहेब," ते म्हणाले. "लई थंडी वाजून राहिली."

भुजंगराव तसेच वाकलेले. जागा गेली, हे मनिषाला कळून चुकलं, आणि पहिली टाळी तिनंच वाजवली.