दोनदा विसळलेली बाटली

सुनेला स्वच्छतेचं वेडच. पाहुणा खुर्चीवरून उठला रे उठला, की हिचं फडकं फिरलंच. या वेडापायी घरात कुणी कधी आजारी पडत नाही, असं ती चारचौघांत छाती फुगवून सांगायची.

तिच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. ब्याऐंशीव्या वर्षीही डोकं लख्ख. पण गेल्या आठवड्यात एकाएकी त्या सुनेलाच विचारू लागल्या, "बाई, तुम्हाला कोण हवंय?" ताप नाही, लघवीला जळजळ नाही. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली, तर लॅबच्या ताटलीत जंतू उगवलेच नाहीत. मग वयाच्या माथी खापर फोडून सगळे मोकळे झाले. नणंदेने तर वृद्धाश्रमाचा अर्जच आणला. सोमवारी सही व्हायची होती.

शनिवारी सून रिपोर्टची प्रत आणायला लॅबमध्ये गेली. तिथल्या तपासनीस बाई बुटक्या, चष्मा कायम कपाळावर. रिपोर्ट वाचता वाचता त्या थबकल्या.

"जंतूंशी लढणाऱ्या पू-पेशी भरमसाट, आणि जंतू एकही नाही? दारात आगीचे बंब उभे आणि आग कुठेच नाही, असं कसं होईल? ताई, नमुना कसा घेतला होता?"

"त्याची काळजी नको," सून ऐटीत म्हणाली. "बाटली मी जंतुनाशकाने दोनदा विसळून घेतली होती."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "अहो, बाटली निर्जंतुकच असते. तुमच्या औषधाने जंतू बाटलीतच मेले. मेलेला जंतू उगवेल कसा?"

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. "पण त्यांना जळजळ नाही हो."

"म्हातारपणी कधी कधी नसतेही. नुसता घोळ होतो डोक्यात. दरवेळी कारण हेच असतं असं नाही, पण बघितल्याशिवाय मी सोडायची नाही." बाईंनी नवी बाटली हातात ठेवली. "पहिली धार सोडा, मधली धरा. झाकणाला आतून बोट नको. आणि तासाभरात आणा."

रविवारी लॅब बंद, तरी बाई आल्या. काचेच्या ताटलीवर जंतूंचे ठिपके दाटीवाटीने उगवले होते. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि औषध सुरू झालं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. एक आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, एवढ्यासाठी ही बाई सुट्टी मोडून आली होती. सुनेला मनापासून हात जोडावेसे वाटले. नणंदेला तिने कळवलं, सही थांबवा.

गुरुवारी सकाळी सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सून चहा घेऊन आली, तशी म्हणाल्या, "अगं, तो आश्रमाचा अर्ज फाडलात का?"

सून चपापली. "तुम्हाला कळत होतं?"

"सगळं ऐकू येत होतं गं. नको म्हणायला शब्द सापडत नव्हते."