ठिपका नसलेला धूर

उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत धूर शोधायचा, हे तिचं काम. डोंगरांतली जंगलं पेटली होती आणि कार्यालयात नुसती धांदल चालली होती. आग कुठवर आली, धूर कुठल्या शहरावर जाणार, लोकांना घरात थांबायला सांगायचं का? त्या गडबडीत तिच्या नजरेस एक भलतीच रेघ पडली. शहराच्या पूर्वेला, जिथे जंगलाचा पत्ता नव्हता, तिथून फिकट करडं काहीतरी निघून वाऱ्याबरोबर लांबत होतं.

आग असली की उष्णता टिपणाऱ्या चित्रात लाल ठिपका उमटतो. इथे ठिपका नव्हता. शेजारच्या टेबलावरचा हवामानतज्ज्ञ म्हणाला, तिथे जुनी दलदल आहे, धुकं असेल. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. पण ऊन चढलं की धुकं विरतं, ही रेघ मात्र भर दुपारीही तशीच. वारा फिरला की मांजराच्या शेपटीसारखी ती दुसरीकडे वळायची, पण तिचं मूळ काही जागचं हलत नव्हतं.

घरी जेवतानाही तिचं तेच पुराण सुरू झालं, तेव्हा नवऱ्यानं हात टेकले आणि बहिणीला फोन लावून दिला. नणंद अग्निशमन दलात बंब चालवायची. अंगानं चांगली दणकट, तरी घरात सगळ्यांची ती चिमणीच. चिमणीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की दलदल अजून आहे की होती? मग सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचं ठरलं.

रस्ता संपला तिथून दोघी पायी निघाल्या. चर खणून कुणीतरी दलदलीतलं पाणी केव्हाच काढून नेलं होतं. आता नुसतं गुडघाभर वाळकं गवत. ज्वाळा कुठेच नाही. काही झाडं मात्र मुळांपासून आडवी झाली होती, आणि त्यांची पानं अजून हिरवी होती. भेगांतून धूर झिरपत होता. ओलं गोणपाट जळावं तसा वास. इतकी वर्षं ती धुराच्या मागावर होती, पण पडद्यावरच्या धुराला वास कुठला! ती उभी राहून तो वास घेत राहिली.

"वहिनी, पुढे जाऊ नकोस," चिमणी म्हणाली. तिनं हातातली काठी जमिनीत खुपसली. काठी सहज आत गेली, आणि बाहेर आली ती टोकाशी धुमसत.

"जमीनच जळतेय, खालून. वरचा थर खचला तर पाय थेट निखाऱ्यात. आलो त्याच पावलांवर मागे फिर."

पण तिला राहवेना. खाली वाकून तिनं तळवा टेकला. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्याइतकी कोमट माती. चिमणीनं तिला दंडाला धरून उठवलं.

"हात भाजून घेतलास तर दादाला मी काय तोंड दाखवू?"

गाडीत बसल्यावर चिमणीनं समजावून सांगितलं. दलदलीच्या पोटात कुजलेल्या गवताचे, मुळांचे थरावर थर असतात. पाणी आटलं की त्यांचं सरपण होतं, आणि ते ज्वाळेविना आतल्या आत धुमसत राहतं. म्हणजे वरपर्यंत उष्णता फारशी पोचतच नसणार, हे तिच्या लक्षात आलं. ठिपका उमटणार तरी कसा?

दलानं चर बुजवले, नदीचं पाणी वळवून दलदल पुन्हा भिजवली. काम चिवट होतं. डोंगरांतले वणवे विझले तरी ही आग तग धरून होती. अखेर तीही थंडावली, आणि जवळच्या वस्तीतल्या लोकांनी कित्येक दिवसांनी खिडक्या उघडल्या.

हवामानतज्ज्ञ आपली खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी येऊन बसला. आग लागली कधी, हा प्रश्न आता दोघांनाही स्वस्थ बसू देईना. ते एकेक जुनं चित्र मागे मागे बघत गेले. उन्हाळ्यात रेघ होती. हिवाळ्यातही होती. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात ढगांखाली काहीच दिसत नव्हतं. तिनं त्याच्याही मागचं चित्र उघडलं आणि दोघं पडद्यावर वाकले.