मीनाला वर कुणी पाठवलं?

मंठ्याच्या एका कॉलेजात सोमेश्वर काकडे बारा वर्षं फुटबॉलचा सहायक प्रशिक्षक होता, पण त्या बारा वर्षांत त्याने कुणाला साहाय्य केलं असं काही झालं नाही. सगळं तोच करायचा. क्रीडा संचालक जगन्नाथ सर मूळचे कबड्डीचे. चेंडू हाताला लागला की शिट्टी वाजते, एवढंच त्यांना फुटबॉलमधलं ठाऊक. ते कडेला खुर्ची टाकून पेपर उघडत आणि म्हणत, “सोमेश्वर, तू बघ रे.”

सोमेश्वर बघायचा. सुगीच्या दिवसांत लोक मैदानावर सोयाबीन वाळत घालत, त्यांच्याशी हुज्जत घालून अर्धं मैदान मोकळं करून घ्यायचं. काळ्या मातीच्या भेगांत मुरूम भरायचा. मुलींच्या घरी जाऊन आईबापांची समजूत काढायची. संघ निवडायचा, तयार करायचा, खेळवायचा. जिंकले की फोटोत मधोमध जगन्नाथ सर असत. हरले की तेच सर प्राचार्यांना सांगत, “मी सोमेश्वरला बोललोच होतो.”

त्याला ते लागत नसे असं नाही, पण सर निवृत्त झाले की जागा आपली, हे त्याने मनाशी धरलं होतं. सहा वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा सरांनीच खांद्यावर हात ठेवला होता. “कुठं जातो तू? माझ्यामागं तूच हैस ना.” सोमेश्वर थांबला.

त्या जागेसाठी सेटची परीक्षा पास व्हावी लागते. तो तीनदा बसला आणि तीनदा थोडक्यात हुकला. शेवटच्या वेळी निकाल मोबाइलवर पाहून त्याने बायकोला, उमाला, एवढंच सांगितलं, “ह्या बारीलाबी गेलं.” त्यानंतर तो परीक्षेचा विषय घरात निघू देईना.

गेल्या जूनमध्ये जगन्नाथ सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शीतल आली.

शीतल जवळच्याच तळणी गावची. याच कॉलेजची विद्यार्थिनी. तिचे वडील काकासाहेब पोरीला मैदानावर पाठवायला तयार नव्हते, म्हणून सोमेश्वर तीन वेळा त्यांच्या घरी गेला होता. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू कसा सरकवायचा, हे तिला त्यानेच शिकवलं. पुढे ती विद्यापीठाच्या संघात खेळली, शिकत राहिली, परीक्षा पास झाली आणि आता त्याची वरिष्ठ म्हणून समोर उभी राहिली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिने वाकून नमस्कार केला. बाकीचे प्राध्यापक कौतुकाने हसले. सोमेश्वरला मात्र कुठे बघावं ते कळेना.

“सर, मला शीतलच म्हणा,” ती म्हणाली.

“न्हाई मॅडम. पोरींसमोर बरं दिसत न्हाई.”

नुसतं नावाचं असतं तर त्याने तेही गिळलं असतं. पण शीतलला फुटबॉल कळत होता. जगन्नाथ सरांना काही कळत नव्हतं, म्हणून तर बारा वर्षं मैदान त्याचं होतं. ही बाई सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी हजर. कोण कुठे खेळणार, कोण किती धावणार, सगळं तिने वहीत मांडलेलं. दुसऱ्या आठवड्यात तिने उजवी बाजू बदलली, तिसऱ्या आठवड्यात कॉर्नरची पद्धत. सोमेश्वरकडे उरलं शंकू मांडणं, चेंडूत हवा भरणं आणि गोलकीपरना सराव देणं. एकेचाळिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा खराखुरा सहायक झाला होता.

“सर, तुम्हाला काय वाटतं?” ती विचारायची.

“तुम्ही म्हणता ते बराबर हाय,” तो म्हणायचा आणि घरी येऊन उमासमोर तासभर धुसफुसायचा.

सगळ्यात मोठा वांधा होता मीनाचा. मीना संघाची बचावपटू. उंच, दणकट, उडी अशी की डोकं बरोबर चेंडूवर. सोमेश्वरच्या काळात कॉर्नर मिळाला की ती मागची जागा सोडून थेट समोरच्या गोलपाशी जायची, आणि वर्षाला पाच-सहा गोल तिच्या डोक्यातून यायचे. शीतलने ते बंद केलं. “ती वर गेली की मागं कोणीच उरत न्हाई. वेगाची एक पोरगी सुटली की संपलं.” सोमेश्वरला हे साफ नामंजूर होतं. तरी तो मान डोलावून गप्प बसला.

डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जालन्याला झाली. मंठ्याच्या पोरी अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. कॉलेजच्या इतिहासात दुसऱ्यांदाच. प्राचार्य संस्थेच्या दोघा-तिघांना घेऊन सामना बघायला आले होते. समोर संभाजीनगरचा तगडा संघ. दोन्हीकडे एकेक गोल, आठ मिनिटं बाकी, आणि मंठ्याला कॉर्नर मिळाला.

शीतल बाकाच्या त्या टोकाला बदली खेळाडूला सूचना देत होती. मीना मध्यरेषेजवळ उभी होती, सांगितल्याप्रमाणे. सोमेश्वरने तिच्याकडे पाहिलं. समोरच्या गोलपाशी सगळ्या पोरी तिच्यापेक्षा वीतभर बुटक्या. विचार करायच्या आतच त्याच्या तोंडातून निघून गेलं.

“मीना! वर जा! जल्दी!”

मीनाने क्षणभर बाकाकडे पाहिलं. मग जुन्या सवयीने धावत सुटली.

चेंडू आला. मीनाने उडी मारली, पण त्यांची गोलकीपर आधी पोचली. तिने चेंडू पकडला आणि तसाच लांब भिरकावला. त्यांची एक किडकिडीत पोरगी मोकळ्या मैदानातून वाऱ्यासारखी निघाली. मागे अडवायला कोणी नव्हतं. दोन-एक. तसाच सामना संपला.

शीतलने वळून सोमेश्वरकडे पाहिलं.

प्राचार्य तावातावाने आले. “अहो, जिंकायला आलेला सामना! त्या पोरीला मागची जागा सोडून वर कुणी पाठवलं?”

सोमेश्वरच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. त्याने तोंड उघडलं, पण शीतल पुढे झाली.

“निर्णय माझा होता, सर. अंदाज चुकला.”

संस्थेच्या माणसांपैकी एकजण हळूच म्हणाला, “नवीन हैत ना बाई.” शीतलने ते ऐकलं. तिचे कान लाल झालेले सोमेश्वरला दिसले.

परतीच्या गाडीत मीना खिडकीला डोकं टेकवून रडत होती. “सर, तुम्ही म्हन्ले म्हणून गेल्ते मी.”

“माझंच चुकलं, बाई. तुझं काही न्हाई,” तो म्हणाला. पुढच्या सीटवर शीतल बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तो जेवला नाही. उमाने विचारलं, तेव्हा सगळं भडाभडा बोलला. “मला तिचा राग येऊन राह्यला, उमा. तिनं माझी चूक झाकली. कोणी सांगितलं होतं झाकायला? मी काय लेकरू हाय का?”

उमा ताट झाकत म्हणाली, “राग कशाचा येऊन राह्यला ते तरी नीट बघा. झाकल्याचा का चुकल्याचा?”

“दोन्हीचा.”

“मंग उद्या जाऊन सांगा खरं काय ते.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो प्राचार्यांच्या दालनात गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, “सर, काल मीनाला मी वर पाठवलं. मॅडमनी न्हाई. त्यांनी तर तिला मागंच थांबायला सांगितलं होतं.”

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काल त्या म्हणतात माझं चुकलं, आज तुम्ही म्हणता माझं चुकलं. मी काय करू?”

“कुठं लिहायचं असंल तर माझ्या नावावर लिहा.”

“काकडे, स्पर्धेचा अहवाल क्रीडा संचालकांच्या सहीनं जातो. सहायकाचं नाव त्यात येतच नाही.” त्यांनी पुढची फाइल ओढली. “तुमचं आपसातलं तुम्ही बघा.”

तो बाहेर व्हरांड्यात आला आणि तिथेच थांबला. बारा वर्षं जिंकलेलं कधी त्याच्या नावावर लागलं नव्हतं. आज हरलेलं मागायला गेला, तर तेही मिळालं नाही. त्याला हसू आलं. दोन पोरं बाजूने जाताना “नमस्कार सर” म्हणाली. त्याने मान हलवली आणि तडक मैदान गाठलं.

शीतल एकटीच जाळ्या तपासत होती. ऑफिसातून तिला फोन येऊन गेला होता; तीच आधी बोलली. “प्राचार्यांकडं गेल्ते म्हणं तुम्ही.”

“गेल्तो. तुम्ही खोटं कशाला बोलले?”

“मंग काय करू? सगळ्यांसमोर म्हणू का, माझा सहायक माझं ऐकत न्हाई?” तिचा आवाज चढला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. “सर, सहा महिने मी तुम्हाला इचारून राह्यले, तुम्हाला काय वाटतं. तुम्ही म्हणता, बराबर हाय. बराबर नव्हतं तर बोलायचं ना! ऐन मॅचमदी, ते बी माझ्या पाठीमागून?”

सोमेश्वर म्हणाला, “मला बारा वर्षं कोणी इचारलंच न्हाई, मॅडम. जे वाटलं ते करत गेलो. बोलायची सवयच न्हाई ऱ्हायली.”

“मंग आता लावा सवय. बोला. मीना वर का जावी?”

“आत्ता?”

“आत्ताच.”

तो बोलायला लागला. आधी अडखळत, मग तावात. पायाने मातीत गोलची चौकट आखली, खडे ठेवून पोरी मांडल्या. शीतलने एक खडा उचलून मध्यरेषेवर ठेवला. “आणि त्यांच्या ह्या पोरीला कोण अडवणार?” त्याने दुसरा सरकवला, तिने तो परत ठेवला. दोघंही उन्हात उकिडवी बसून तासभर भांडली. तासाला आलेल्या पोरी लांब उभ्या राहून बघत होत्या, जवळ यायची कुणाची हिंमत होईना.

शेवटी शीतल हात झटकत उठली. “उजवीकडची पोरगी मागं थांबायला शिकली, तर विचार करू. तोवर मीना मागंच राहील.”

“मला न्हाई पटत.”

“नका पटू देऊ. पण मॅचमदी माझंच चालंल.”

“चालंल,” सोमेश्वर म्हणाला. मान्य केलं म्हणून मनातली जळजळ काही विझली नाही. आपली पद्धत चुकीची होती असं त्याला तेव्हाही वाटलं नाही, आणि कालचा तो मोकळ्या मैदानातला गोलही डोळ्यांसमोरून हटत नव्हता. घसा बसला होता. त्याने उजवीकडच्या पोरीला हाक मारली, मध्यरेषेवर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, “इथून हलायचं न्हाई. मी ओरडलो तरी बिलकुल न्हाई.”