दोन वर्षांनी धाकटा

बाहिया प्रांतातल्या सेवेरिनोने धाकट्या भावाच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. ‘लग्नात बापाच्या जागी तू उभा राहा,’ असं लिबोरियोने लिहिलं होतं.

दोघांची आई गुलाम. थोरल्याच्या जन्मानंतर कायदा बदलला, म्हणून धाकटा जन्मतःच स्वतंत्र ठरला आणि शहरात शिकला. थोरला एकोणीस वर्षं गुलाम राहिला; गुलामी संपली तरी त्याच मालकाचा ऊस तोडत होता.

“सख्ख्या भावावर जळतोस?” बायकोने विचारलं.

“जळतो.”

“मग तसं कळव तरी! बिचारा वाट बघत बसलाय.”

सेवेरिनोने दुकानदाराकडून चारचौघांसमोर लिहून घेतलं: ‘तुझ्या पायांतल्या जोड्यांचासुद्धा मला हेवा वाटतो. तरी येतो, अनवाणीच.’ मग पत्र टपालात टाकलं.