चारास एक

"चार किलो," छकुली ठामपणे म्हणाली.

समोर लोणच्याच्या बरणीत एक किलो चिरलेली लिंबं होती आणि आत्यांनी विचारलं होतं, लिंबं चार भाग तर मीठ एक भाग, मग याला मीठ किती? आत्या म्हणजे छकुलीच्या बाबांची आत्या. जॅम-सॉसच्या कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर काढलेली बाई. पोरगी गणितात कच्ची आहे अशी शाळेतून चिठ्ठी आली, तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं होतं, "सुट्टीत माझ्या हाताखाली द्या तिला."

"घाल मग," आत्या म्हणाल्या.

सूनबाई, म्हणजे छकुलीची आई, लगबगीने आत आली. "अहो आत्या, लिंबं फुकट जातील. चुकलंय म्हणून सांगा ना तिला."

"ते शाळेत सांगतातच की. काही उपयोग झाला?"

छकुलीने मिठाची पहिली पिशवी ओतली आणि लिंबं दिसेनाशी झाली. दुसरी अर्धी होईतो बरणी तोंडापर्यंत भरली. छकुली थांबली. बरणीकडे बघत राहिली.

"मी उलटं केलं," ती हळूच म्हणाली.

"मग आता सुलटं कर."

तिने लिंबं काढून झटकली, परातीत त्यांचे चार सारखे ढीग घातले आणि एका ढिगावर बोट ठेवलं. "एवढंच मीठ. म्हणजे पाव किलो."

आत्यांनी सूनबाईकडे नुसतं पाहिलं. सूनबाई हसली.

छकुलीने काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि तीत मीठ घातलं. "बरोबर आहे का बघ."

"तूच वाच."

"दोनशे साठ."

आत्यांनी वाटी तळहातावर तोलली, बोटांनी थोडं मीठ काढलं आणि ती परत काट्यावर ठेवली. "आता?"

"दोनशे पन्नास." छकुलीने मान वर करून आत्यांकडे पाहिलं. "आत्याआजी, तुला आकडे दिसत नाहीत का गं?"

सूनबाई चमकली. कारखान्यात आत्यांनी केलेलं वजन कधी कुणी पुन्हा करून पाहिलं नव्हतं. गेलं वर्षभर घरी त्या हाताच्या अंदाजावरच निभावत होत्या. कुणाला कळलं नव्हतं.

"नाही दिसत," त्या सरळ म्हणाल्या.

मग त्यांनी काटा उचलून छकुलीपुढे ठेवला, कोरडं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बरणीचा गळा आतून पुसायला बसल्या.