वतलं आणि घातलं

“मी तुला इचारलं व्हतं का नव्हतं? तेल वतलंस काय म्हणून?” गंगाराम मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा राहून ओरडत होता.

“इचारलंत. आन मी बोललो, वतलं.” भिकू मान खाली घालून म्हणाला.

“मग ह्यें काय हाय?” गंगारामनं इंजिनातली तेलाची काडी उपसली आणि मेव्हण्याच्या नाकासमोर धरली. काडी कोरडीठाक होती.

“वतलंच व्हतं, भावजी. सगळं जुनं तेल काढलं आन मागच्या खड्ड्यात वतलं. थेंब ठेवला नाय.”

गंगारामनं काडी खाली घेतली. बाजूला जुन्या टायरवर टॅक्सीवाला सहदेव बसला होता. त्याच्याच गाडीचं हे सगळं चाललं होतं. आता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गंगारामनं विचारलं होतं नवं तेल भरलं का ते, आणि भिकूनं सांगितलं होतं जुनं तेल टाकून दिलं ते. दोघंही खरंच बोलत होते. ‘वतलं’ ह्या एका शब्दानं घात केला होता.

सकाळी गंगाराम एका टेम्पोखाली आडवा पडला होता. तिथूनच त्यानं तो प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि हाताचा अंगठा बाहेर काढून सहदेवला खूण केली, जा घेऊन. सहदेव गेला. रत्नागिरीच्या स्टँडवर त्याला पूर्णगडचा धाकू भेटला. मुंबईहून आलेला, हातात नवाकोरा टेपरेकॉर्डर. गाडीत बसल्या बसल्या त्यानं तो मोठ्यानं लावला. तो काळच तसा होता. ज्याच्याकडे टेप असे, त्याला तो साऱ्या तालुक्याला ऐकवायची हौस असे.

आता गाडीत तेल संपलं तर सांगायला एक तांबडा दिवा असतो. सहदेवच्या ॲम्बेसेडरचा तो दिवा चार वर्षांपूर्वी गेला होता. गंगाराम कितीदा म्हणाला, बदलून देतो. सहदेव म्हणायचा, “दिवा कशाला? माजे कान काय गहाण पडलेत?” गाडी त्याला कानानं कळत असे आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. नेमके त्या दिवशी ते कान धाकूच्या टेपनं भरून टाकले. भाट्याच्या चढावर मधेच एक खडखडाट ऐकू आला, तो गाण्यातला ढोल असावा असं त्याला वाटलं. मग धाडकन आवाज झाला आणि गाडी चढावरच उभी राहिली. इंजिन बसलं होतं. ट्रकला दोर बांधून गाडी परत आणावी लागली.

“सहदेव, चूक माज्या गॅरेजची हाय,” गंगाराम शेवटी म्हणाला. “खर्चाचं नाव काढू नको. आन हा उद्या सकाळच्या एस्टीनं आपल्या गावी नाट्याला जाईल. बायकोचा भाऊ म्हणून ठेवला, पण माज्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मोडायला नाय ठेवला.”

“जातो,” भिकू म्हणाला.  कोपऱ्यात जाऊन तो रॉकेलनं हात पुसायला लागला.

सहदेव त्याच्याकडे बघत राहिला. भिकू चाळिशी ओलांडलेला माणूस. मुंबईत गिरणीत होता. संप झाला आणि गिरणी पुन्हा काही त्याच्यासाठी उघडली नाही. दीड वर्ष वाट बघून तो गावी आला आणि बहिणीच्या नवऱ्याकडे कामाला लागला. त्याच्या खोक्यात लांब चोचीचा तेलाचा डबा होता. गिरणीतून येताना त्यानं एवढीच एक वस्तू आणली होती.

“भिकू,” सहदेवनं हाक मारली. “गिरणीत काय काम व्हतं तुझं?”

“ऑइलर व्हतो, दादा.” भिकू खोक्याकडे बघत म्हणाला. “अठरा वर्षं मशिनींना तेल घातलं. एक बेअरिंग कधी जळू दिलं नाय. पण तितं आमी घातलं बोलायचो. वतलं म्हंजे वाया गेलेलं. सांडलेलं, फेकलेलं. भावजींना ठाऊक नव्हतं, आन मलाबी इथलं ध्यानात नाय आलं.”

एवढं बोलून तो पुन्हा हात पुसायला लागला. अठरा वर्षं तेल घालणाऱ्या माणसाकडून तेलाचीच चूक व्हावी, हे त्याला ही नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं होतं. सहदेवला ते बरोबर समजलं. कानाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाला आज ऐकूच आलं नव्हतं. त्याची स्वतःची गत काही निराळी नव्हती.

राग नव्हता असं नाही. ही गाडी त्याच्या लग्नाच्या वर्षी आलेली. गोळपच्या सड्यावरून, त्या उघड्या कातळाच्या माळावरून, शालनला नवरी म्हणून त्यानं ह्याच गाडीतून घरी आणलं होतं. एकोणीस वर्षं झाली. इंजिनाला एक खोड होती, टक् टक्, मधे थोडं थांबून पुन्हा टक्. गंगाराम म्हणायचा, अर्ध्या तासात घालवून देतो. सहदेव हात लावू देत नसे. त्याचं कारण त्यानं गंगारामला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी गाडी सड्यावर आली की तो आवाज खाली घरापर्यंत जायचा आणि शालन चुलीवर भात ठेवायची. गाडी दारच्या मांगराच्या छपराशी पोचेस्तोवर भाताला कढ आलेला असायचा. एकोणीस वर्षांत ह्यात खंड पडला तो फक्त तिच्या बाळंतपणांत.

त्या इंजिनाचं आता काय होणार, एवढाच प्रश्न त्याला खात होता. दुसऱ्या गॅरेजात गाडी न्यावी, हेही मनात येऊन गेलं. पण ते इंजिन आतून ओळखणारा गंगाराम एकटाच होता.

“गंगाराम, ह्याला एस्टीत बसवू नको,” तो उठत म्हणाला. “इंजिन ह्यानंच खोलायचं आन ह्यानंच जुळवायचं. तू नुसता बाजूला बस.”

“येडा झालास काय?”

“येडा तर येडा. ज्याच्या हातून बिघडलं त्याच्याच हातनं नीट होऊ दे. नायतर तो माणूस उभ्या जन्मात तेलाच्या डब्याला हात लावणार नाय.”

 भिकूनं हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि गाडीचं बॉनेट उघडलं.

पंचवीस दिवस गाडी गॅरेजात होती. पिस्टन गेले होते, बेअरिंगं वितळली होती. इंजिनाचा ब्लॉक आतून घासून बोअर करायला कोल्हापूरला गेला, तो एस्टीच्या टपावरून परत आला. सहदेव रोज चालत यायचा आणि त्या टायरवर बसायचा. भिकू प्रत्येक नट आवळून गंगारामला दाखवायचा, मग पुसायचा, मग पुन्हा आवळून बघायचा. शेवटच्या दिवशी नवं तेल आलं. गंगाराम मुद्दाम लांब उभा राहिला आणि त्यानं हाक दिली, “भिकू, तेल घातलंस काय?”

“घातलं, भावजी. साडेचार लिटर घातलं.”

“वतलंस तर नाय?”

सगळे हसले. भिकूही हसला. त्या दिवसापासून त्या गॅरेजात ‘वतलं’ म्हणायची बंदी झाली, ती गंगाराम होता तोपर्यंत टिकली. चहासुद्धा तिथं कपात घालत, वतत नसत.

सहदेवनं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. कसलीही टकटक नाही, खरखर नाही. दारं उघडून बघितली तर तीही करकरेनात. भिकूनं कुणी न सांगता आपल्या लांब चोचीच्या डब्यानं साऱ्या बिजागऱ्यांना तेल दिलं होतं. तांबडा दिवाही नवा बसवला होता.

“कसं वाटतंय, दादा?” भिकूनं विचारलं. त्याचे डोळे सहदेवच्या तोंडावर खिळले होते.

 सहदेवला ही गाडी ओळखीची वाटत नव्हती. पण समोर तो माणूस उभा होता आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबला होता.

“झकास,” सहदेव म्हणाला. “नवी असताना पण अशी चालली नव्हती.”

भिकूनं मान वळवून डोळे पुसले.

संध्याकाळी गाडी सड्यावरून खाली उतरली आणि मांगराशी येऊन उभी राहिली. सहदेव आत गेला. चूल थंड होती. शालन मागीलदारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून ती दचकली.

“अवो, कवा आलात? गाडी कुटं हाय?”

“दारात.”

“मला तर आपला टक् टक् काय ऐकू नाय आला. वर गाडी वाजली ती कुण्या सायेबबियेबाची असंल म्हटलं.” ती धावतच चुलीशी गेली, तांदूळ धुवायला लागली. मग हात तसेच पाण्यात ठेवून थांबली. “आता तो आवाज नाय यायचा?”

“येल की.” सहदेव उंबऱ्यावर बसला. “गाडी जुनी झाली की येल. लागतील अशी पंधरा-वीस वर्षं.”

शालन हसली. मग तिनं मनातल्या मनात दोघांची वयं मोजली असावीत, कारण तिनं धुतलेले तांदूळ पुन्हा धुवायला घेतले. त्या रात्री ते उशिरा जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहदेवनं सड्यावरच्या शेवटच्या वळणाशी गाडी थांबवली. आपल्या घरी येताना त्यानं कधी हॉर्न वाजवला नव्हता. भाड्याच्या गिऱ्हाइकाच्या दारात वाजवतात तो हॉर्न. त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि हळूच एकदा दाबला. मग इंजिन बंद करून तो तिथंच बसून राहिला. खाली आपल्या घराच्या कौलांतून धूर वर यायला लागला, तेव्हा त्यानं चावी फिरवली.