मुंगीचा अ‍ॅम्प्लिफायर

मुंगीला घरात सगळे मुंगीच म्हणत, आणि तिला पहिल्यांदा भेटणारा माणूस ते नाव ऐकून हमखास हसे. पावणेसहा फूट उंची, रुंद खांदे आणि नोकरी बस चालवायची. लहानपणी ती सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत असायची म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं, ते चिकटलं ते चिकटलंच. त्या शनिवारी सकाळी ती वहिनीच्या वर्कशॉपमध्ये शिरली तेव्हाही तिने पोटाशी एक अवजड पेटी धरली होती.

"वहिनी, कुठे ठेवू?"

वहिनी पंपाची मोटर उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही. "टेबलावर जागा कर नि ठेव. काय आणलंयस?"

"गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. जुन्या रेडिओसारखा काचेच्या ट्यूबवाला. गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. चालू केला, गिटार जोडली, दोन मिनिटांत जळका वास आला आणि बंद."

हे वर्कशॉप मूळचं मुंगीच्या वडिलांचं. जळलेल्या मोटरींची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. आपल्यामागे लेकीने हे चालवावं अशी त्यांची फार इच्छा होती. लेकीने सोळाव्या वर्षी गिटार हातात घेतली आणि तारांशी ओळख ठेवली ती तेवढीच, गिटारच्या तारांची. मग सासऱ्यांनी सुनेला शिकवलं. सून त्यांच्याही पुढे गेली. या गोष्टीवरून नणंद-भावजयीत कधी भांडण झालं नाही, पण वर्कशॉपमध्ये पाऊल टाकताना मुंगी दरवेळी थोडी पाहुणी होऊन येई, आणि ते दोघींनाही कळे.

चार वर्षं मुंगीने गिटार पेटीतून काढली नव्हती. तिचा नवरा माउथ ऑर्गन वाजवायचा. दोघं, एक बेसवाला आणि ड्रमवर एक जाड भिंगांचा कंपाउंडर, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, असे चौघं मिळून ब्लूज हे अमेरिकी संगीत वाजवत. नवरा गेला आणि ते सगळं थांबलं. आता बस कामगारांच्या हॉलमध्ये पुढच्या रविवारी पाचला कार्यक्रम होता. चष्मेवाल्याने विचारलं, "वाजवशील?" आणि मुंगीच्या तोंडून हो निघून गेलं. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी अ‍ॅम्प्लिफायर जळला.

"रेडिओवाल्याला दाखवलास?" वहिनीने विचारलं.

"दाखवला. म्हणाला, भंगारात टाका आणि नवा डिजिटल घ्या. एवढासा डबा, त्यात चाळीस अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज भरलेले असतात."

"मग घे की."

"मला चाळीस नकोत. मला एक पाहिजे."

वहिनीने हातातली पक्कड खाली ठेवली. "मुंगे, मला गाण्यातलं काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. पण आवाज तो आवाज. तो ट्यूबमधून आला काय नि चिपमधून आला काय, फरक काय पडतो?"

मुंगी बाहेर उभ्या केलेल्या बसमधून चष्मेवाल्याचा उसना डिजिटल डबा आणि गिटार घेऊन आली. स्टुलावर बसून तिने एक सूर हळू वाजवला, मग तोच जोरात.

"ऐक. यात मी जोर लावला की आवाज मोठा होतो. संपलं. ट्यूबवर जोर लावला की आवाज आधी दबतो. क्षणभरच. मग फुलून वर येतो आणि कडेला थोडा फाटतो. हलक्या हाताने वाजवलं की पुन्हा स्वच्छ. बटणाला हात लावायचा नाही, सगळं या बोटांत. आता ब्लूजमध्ये सूर असतात किती? पाच-सहा. फिरून फिरून तेच. मग मनातलं सांगायचं कशाने? त्या दबण्याने आणि त्या फाटण्याने."

वहिनीने टेबलावरच्या पंपाच्या मोटरीवर हात ठेवला. "एकदम लोड आला की मोटर बसते. घुमते. आणि मग दम घेऊन उचलते. तसं?"

"अगदी तसं!"

"मग हे आधी सांगायचं ना. उघड तो."

आतल्या भागांत बंद केल्यावरही वीज साठून राहते, हे वहिनीला ठाऊक होतं. तिने आधी एका बल्बच्या दोन वायरी आत टेकवून ती उतरवली, मगच हात घातला. मीटर लावून एकेक भाग तपासला. ट्यूब धड होत्या. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून ट्यूबचा आवाज स्पीकरकडे जातो, तो मेला होता. तिने त्याच्या लोखंडी पत्र्या सोडवल्या, वरचा कागद उचकटला आणि भिंग लावून पाहिलं.

"लोड जास्त होऊन जळलं की सगळं सारखं काळं पडतं," ती म्हणाली. "इथे एकाच जागी भोक पडलंय. विजेला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून तिने इथून उडी मारली." तिने भिंग खाली केलं. "स्पीकर वेगळ्या पेटीत आहे ना तुझा? जोडला नव्हतास."

मुंगीने गिटार मांडीवरून काढून भिंतीला टेकवली. "नाही," ती म्हणाली. "ती वायर तो जोडायचा. मी गिटार गळ्यात अडकवेपर्यंत सगळं जोडलेलं असायचं. इतक्या वर्षांत एकदाही मी ती वायर हातात घेतली नव्हती. आवाज का येत नाही म्हणून मी उलट बटण वाढवत गेले, वहिनी."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मुंगी रडली असती, आणि ते दोघींनाही नको होतं.

"मी गुंडाळते हा," वहिनी म्हणाली.

"येतं तुला?"

"मोटर येते. हे येईल."

रविवारी आणि सोमवारी दुपारी तिने जुनी तार एकेक वेढा मोजत उतरवली. पातळ तार केसासारखी, तिचे वेढे अडीच हजारांच्या वर. जाड तार जेमतेम शंभर वेढे. प्रत्येक थर तिने कागदावर लिहून ठेवला. एक गोष्ट मात्र तिला खटकली: पातळ तार अर्धी गुंडाळून मध्येच जाड तार घातली होती आणि वर उरलेली पातळ. 'कोण वेंधळा होता हा,' ती मनाशी म्हणाली. तिने आपल्या पद्धतीने, आधी सगळी पातळ आणि वर सगळी जाड, अशी नीटस गुंडाळली. वेढे बरोबर, तार बरोबर, आणि दिसायलाही सुरेख.

बुधवारी संध्याकाळी मुंगी ड्युटी संपवून स्पीकरची पेटी घेऊन आली. स्पीकरची वायर तिने स्वतः जोडली आणि दोनदा ओढून पाहिली. चालू करताच अ‍ॅम्प्लिफायरने अशी किंकाळी फोडली की शेजारचा टायरवाला धावत बाहेर आला. तारेची दोन टोकं उलटी जोडली गेली होती; वहिनीने त्यांची अदलाबदल केली. किंकाळी थांबली. मुंगीने वाजवलं.

आवाज येत होता, पण रजईखालून आल्यासारखा. सुराला धारच नव्हती.

"चालेल," मुंगी म्हणाली.

"चालेल?"

"खरंच चालेल. तू एवढं केलंस, तेच खूप झालं."

"मला 'चालेल' चांगलं कळतं," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाईक 'चालेल' म्हणून जातं आणि परत तोंड दाखवत नाही. सांग, काय कमी आहे?"

मुंगी कचरली. मग तिने बोट तारेवर दाबून एक सूर ओढला. "हा इथे चिरत जायला हवा. तिथवर पोचतच नाही. पण वहिनी, रविवार चार दिवसांवर आला. मी तो डबा घेऊन जाते, कोणाला काय कळतंय."

"जा घेऊन. तू यावर वाजव नाहीतर त्यावर वाजव, मी हा पुरा केल्याशिवाय सोडणार नाही."

मुंगी गेल्यावर वहिनीने स्वतःच लिहिलेला कागद पुढे घेतला. पातळ, जाड, पातळ. वेढे तेच, तार तीच. तिने बदललेली गोष्ट एकच होती. पातळ तारेचा जाड तारेशी जितका जवळून संबंध, तितका बारीक, तीक्ष्ण आवाज पलीकडे पोचणार. म्हणून त्या कोणा कारागिराने जाड तार दोन्हींच्या कुशीत ठेवली होती. त्याला वेंधळा म्हणून ती स्वतःच घसरली होती. मोटर फिरली की झालं. इथे कुजबुजही पोचवायची होती.

"माझंच चुकलं," ती त्या रिकाम्या वर्कशॉपमध्ये मोठ्याने म्हणाली, आणि सगळी तार पुन्हा उतरवली.

गुरुवारी दुपारी सतराशेव्या वेढ्याला तार तुटली. तेवढ्यात तिचा नवरा, मुंगीचा भाऊ, जेवणाचा डबा घेऊन आला. बायको आणि बहीण यांच्यामध्ये कधी पडायचं नाही, हा त्याचा संसारातला एकमेव नियम होता, पण त्या दिवशी तो मोडला.

"अगं, टोकं जोडून डाग दे नि पुढे चल. आत कोणाला दिसणार आहे?"

"दिसायचा प्रश्न नाही हो. तिथे जाडी वाढेल, वरचा थर दबेल, आणि परत तिथेच भोक पडेल."

"मग?"

"मग पहिल्यापासून."

"तू आणि माझी बहीण," तो डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "एका आईच्या पोटी यायला हव्या होतात. मी सुटलो असतो." तरी तो गेला नाही. तिने हँडल फिरवायचं आणि त्याने आकडे म्हणायचे, असं दोघांनी संध्याकाळपर्यंत केलं. मध्ये एकदा तो चुकला तर तिने दोन थर उतरवायला लावले. त्याने ते उतरवले आणि आकडे पुन्हा धरले.

शुक्रवारी ट्रान्सफॉर्मर पुरा झाला. वार्निशमध्ये बुडवून शनिवारी दिवसभर भट्टीत वाळवला. रविवारी सकाळी मुंगी आली ती डिजिटल डबा काखेत घेऊनच. वहिनीने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तिने अ‍ॅम्प्लिफायर आधी सिरीज दिव्यावर, म्हणजे मध्ये एक बल्ब जोडून, लावला. दिवा क्षणभर लख्ख झाला, मग मंद होत विझत आला. म्हणजे आत कुठे शॉर्ट नव्हता. मग थेट लावला. ट्यूब हळूहळू नारिंगी झाल्या.

"वाजव."

मुंगीने हलकेच एक सूर काढला. स्वच्छ, गोल. मग तिने तोच सूर सगळ्या ताकदीने मारला. आवाज दबला, थांबल्यासारखा झाला, आणि फुलत वर आला तो कडेला चिरत, रडून घसा बसलेल्या माणसाने तरीही बोलायचं ठरवावं तसा. मुंगीने तार ओढून धरली. सूर तुटत नव्हता. तिने बोट सैल केलं तेव्हा कुठे तो शांतपणे खाली उतरला.

वहिनी वाकून पेटीजवळ आली. "हेच का ते?"

"हेच."

बंद करून झाकण लावण्याआधी वहिनीने एका कागदावर लिहिलं: 'मधली जाड तार मुद्दाम आहे. जो कोणी उघडेल त्याने क्रम बदलू नये.' खाली वेढ्यांचे आकडे लिहिले आणि तो कागद झाकणाच्या आतून चिकटवला. मुंगी ते वाचत उभी राहिली.

"बाबांना आवडलं असतं हे," ती म्हणाली.

"बाबांनी आधी मला झापलं असतं. बुधवारच्या उद्योगाबद्दल." दोघी हसल्या. मग मुंगीने डिजिटल डबा उचलून कोपऱ्यात, भंगार मोटरींच्या शेजारी ठेवला.

"अगं, तो चष्मेवाल्याचा आहे ना?"

"संध्याकाळी देऊ परत. आत्ता नको."

हॉलमध्ये पन्नाससाठ माणसं होती. काही ड्रायव्हर गणवेशातच, रात्रीच्या पाळीआधी टेकलेले. वहिनी आणि तिचा नवरा दुसऱ्या रांगेत बसले. पहिलं गाणं मुंगीने चुकीच्या जागी उचललं, चष्मेवाल्याने ड्रम थांबवून पुन्हा सुरुवात केली तेव्हा मागून कोणीतरी "बाई, गिअर बदला!" म्हणून ओरडलं आणि हॉल हसला. मुंगीही हसली. दुसऱ्या गाण्यात तिचा हात मोकळा झाला. चार वर्षांत बोटांवरचे घट्टे मऊ झाले होते. मधल्या बोटाला फोड आलेला वहिनीला दुसऱ्या रांगेतून दिसत होता.

तिसरं गाणं संथ होतं. त्यात कडवं संपलं की माउथ ऑर्गनची जागा होती. पहिल्या वेळी मुंगीने ती जागा मोकळी सोडली. ड्रम आणि बेस तेवढे चालू राहिले, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या वेळीही तिने ती सोडली. चष्मेवाला तिच्याकडे बघत होता. तिसऱ्या वेळी तिने बटणाला हात न लावता, फक्त फोड आलेल्या बोटाने, एकच सूर मारला आणि धरून ठेवला. अ‍ॅम्प्लिफायर दबला, घुमला, वर आला. पूर्ण जागाभर तो एकटाच सूर होता, आणि त्याने ती भरून काढली. तिथे कोण असायचं ते झाकलं मात्र नाही.

वहिनीला गाण्यातलं काही कळत नव्हतं. ती उभी राहिली होती हे नवऱ्याने साडीचा पदर ओढला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती खाली बसली नाही.

गाणं संपल्यावर हॉलचा व्यवस्थापक पुढे येऊन घड्याळ दाखवू लागला. सहाला हॉल रिकामा करून द्यायचा होता, सहाला सात मिनिटं होती. मुंगीने बोटाला चिकटपट्टी गुंडाळली, दातांनी तोडली.

"सात मिनिटं पुष्कळ झाली," ती माइकमध्ये म्हणाली, आणि चष्मेवाल्याकडे वळून पायाने ठेका धरला.